वर्ध्याचा उन्हाळा सोसेल अशी गिटार : मध्यम खर्चात निवड कशी करावी?

वर्धा : शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत हार्मोनियम आणि तबल्याच्या शेजारी गिटार दिसू लागली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील वैद्यकीय महाविद्यालये, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्यामुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतील तरुण या जिल्ह्यात शिकण्यासाठी येतात. त्यांच्याबरोबर गिटारही येते आणि ती ऐकून स्थानिक मुलामुलींनाही शिकण्याची ओढ लागते. पहिली गिटार घेण्याची वेळ आली की घरात दोन प्रश्न उभे राहतात. किती पैसे घालावेत, आणि त्या पैशांत नेमके काय पाहून घ्यावे?

या प्रश्नांना पुस्तकांतून व चित्रफितींतून जी उत्तरे मिळतात, त्यांतील बहुतेक परदेशातील किंवा मुंबईसारख्या शहरातील हवामान गृहीत धरून दिलेली असतात. वर्ध्याचे हवामान त्याहून अगदी वेगळे आहे. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते. दोन महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, हीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. गिटार ही पातळ लाकडाची, सरसाने जोडलेली पेटी असून तिच्यावर तारांचा ताण अहोरात्र असतो. म्हणून या जिल्ह्यातील ग्राहकाने गिटारचा टिकाऊपणा आणि वाजविण्यातील सुलभता आधी तपासावी, स्वराचा गोडवा आणि कंपनीचे नाव नंतर पाहावे. हा क्रम उलटला, तर महागडे वाद्य पहिल्याच उन्हाळ्यात तडकण्याची किंवा बोटे दुखून शिकणाऱ्याने ते खुंटीला टांगून ठेवण्याची शक्यता वाढते.

मध्यम खर्च म्हणजे किती?

अकूस्टिक गिटारच्या बाजारात ढोबळमानाने तीन पायऱ्या दिसतात. साधारण पाच हजार रुपयांच्या आत मिळणारी गिटार ही पहिली पायरी होय. येथे एकाच नमुन्याच्या दोन गिटारांत मोठा फरक असू शकतो, त्यामुळे पारख करणारे कोणी बरोबर नसल्यास ही खरेदी नशिबावर अवलंबून राहते. सात ते पंधरा हजार रुपये ही दुसरी पायरी असून, या लेखात मध्यम खर्च म्हणताना हीच अभिप्रेत आहे. या टप्प्यात दांडी सरळ, पडदे व्यवस्थित बसविलेले आणि खुंट्या सूर धरून ठेवणाऱ्या मिळण्याची शक्यता बरीच वाढते. त्यापुढे अखंड लाकडाची तबली असलेल्या गिटारांची पायरी सुरू होते. किमती हंगामानुसार, सवलतींनुसार बदलत असतात. त्यामुळे आकड्यांपेक्षा या पायऱ्यांमधील फरक लक्षात ठेवणे अधिक उपयोगाचे.

कोणती गिटार हवी, हे आधी ठरवावे

अकूस्टिक गिटार म्हणजे विजेविना, पोकळ पेटीच्या नादावर वाजणारी गिटार. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पोलादी तारांच्या गिटारचा नाद खणखणीत असतो. चित्रपटगीते, भावगीते व पाश्चात्त्य लोकप्रिय गाणी यांच्या साथीसाठी तीच प्रामुख्याने वापरली जाते. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार मृदू आवाजाची असून तिची दांडी रुंद असते. पोलादी तारांच्या गिटारमध्ये दांडीच्या टोकाशी, नटजवळ, रुंदी साधारण ४३ मिलिमीटर असते, तर क्लासिकलमध्ये ती सुमारे ५२ मिलिमीटर असते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या शास्त्रीय गिटार परीक्षांची तयारी करावयाची असल्यास नायलॉनची गिटारच घ्यावी लागते. गाण्याला साथ करणे हा हेतू असल्यास पोलादी तारांची गिटार योग्य ठरते.

या दोन प्रकारांत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. नायलॉनसाठी बनविलेल्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. पोलादी तारांच्या नेहमीच्या संचाचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो वजनाइतका असतो. नायलॉनचा ताण त्याच्या निम्म्याच्या थोडा वर असतो. हलक्या बांधणीच्या पेटीला वाढीव ताण सोसत नाही आणि तारा जेथे अडकविलेल्या असतात ती ब्रिजची पट्टी तबलीपासून उचलली जाते.

भारतीय रागसंगीत वाजविण्यासाठी आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवून वाजविली जाणारी हवाईयन पद्धतीची गिटार हा वेगळा प्रकार आहे. पं. ब्रिजभूषण काबरा यांनी ती रागसंगीतात रुजविली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ मध्ये केलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत तिचा नाद ऐकावयास मिळतो. पं. विश्वमोहन भट्ट यांनी याच वाद्यातून मोहनवीणा घडविली आणि राय कूडर यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या पद्धतीत तारा पडद्यांपासून बऱ्याच उंच ठेवाव्या लागतात. त्यामुळे रागसंगीत शिकावयाचे असल्यास आधी गुरूंचा सल्ला घ्यावा आणि मगच दुकानात जावे.

थरांचे लाकूड की अखंड लाकूड?

सतार-तानपुऱ्याप्रमाणे गिटारमध्येही समोरच्या पातळ फळीला, म्हणजे तबलीला, सर्वाधिक महत्त्व असते. तारांचे कंपन ब्रिजमार्फत तिच्यावर उतरते आणि आवाज मुख्यतः तीच निर्माण करते. ही तबली दोन प्रकारे बनविली जाते. अखंड लाकडाची, म्हणजे सॉलिड टॉप असलेली तबली एकाच लाकडाच्या पातळ फळीची असते. बहुधा एका ओंडक्यातून निघालेले दोन भाग मध्यभागी जोडून ती करतात. लॅमिनेटेड म्हणजे थरांची तबली ही प्लायवूडप्रमाणे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून तयार होते. वरचा थर दोन्हींत स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या फिकट लाकडाचा असू शकतो. त्यामुळे समोरून पाहून दोन्ही सारख्याच वाटतात. नादछिद्राची कड बारकाईने पाहिली म्हणजे फरक कळतो. पृष्ठभागावरील लाकडाच्या रेषा कडेवरून खाली अखंड उतरत असतील तर तबली अखंड आहे. कडेला निरनिराळे थर दिसत असतील तर ती थरांची आहे. कड रंगविलेली असल्यास कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सॉलिड’ हा शब्द आहे काय, ते पाहावे. केवळ ‘स्प्रूस टॉप’ असे लिहिलेले असल्यास ती बहुधा थरांची समजावी.

अखंड तबली अधिक मोकळेपणाने कंप पावते. तिचा नाद भरदार असतो आणि वाजवत गेल्यावर तो अधिक खुलतो, असा वादकांचा अनुभव आहे. म्हणूनच सर्वसाधारण मार्गदर्शक ‘परवडत असेल तर अखंड तबलीचीच घ्या’ असा सल्ला देतात. वर्ध्याच्या बाबतीत मात्र या सल्ल्याला एक अट जोडावी लागते. लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते आणि कोरड्या हवेत ते सोडून आकसते. हा बदल रेषांच्या दिशेने अत्यल्प, पण रेषांच्या आडव्या दिशेने लक्षणीय असतो. अखंड तबली आकसू लागली आणि आतील पट्ट्यांनी तिला धरून ठेवले, की ताण असह्य होऊन रेषेच्या बाजूने तडा जातो. थरांच्या तबलीत प्रत्येक थर शेजारच्या थराला अडवून धरतो. म्हणून ती कमी आकसते आणि सहसा तडकत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्या घरात गिटारची रोजची निगा राखणे शक्य नाही, वसतिगृहाच्या खोलीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ती राहणार आहे, तेथे थरांच्या लाकडाची पण नीट जुळवलेली गिटार हीच शहाणपणाची निवड होय. निगा राखण्याची तयारी असेल, वाद्य बॅगेत बंद करून ठेवण्याची सवय असेल आणि खर्चाची मर्यादा थोडी सैल करता येत असेल, तर अखंड तबलीचा विचार अवश्य करावा.

शिसवाची पाटी नाही म्हणून नाराज होऊ नये

पेटीची पाठ व बाजू आणि बोटे ठेवावयाची पाटी यांसाठी आपल्याकडील शिसवाला जगभर मान आहे. अमेरिकेतील मार्टिन या १८३३ पासूनच्या कंपनीने ब्राझीलचे शिसव मिळेनासे झाल्यावर १९६९ मध्ये भारतीय शिसव वापरण्यास सुरुवात केली. पुढे २०१७ मध्ये शिसवाच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधांखाली आला. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. तरी मधल्या काळात अनेक कंपन्या अक्रोड, लॉरेल अशा दुसऱ्या लाकडांकडे वळल्या होत्या. म्हणून आज मध्यम किमतीच्या गिटारची पाटी शिसवाची नसली, तर तो दोष मानू नये. पाटी कोरडी, भेगाळलेली किंवा केवळ काळा रंग फासलेली नाही, एवढे पाहिले तरी पुरे.

आकार

सर्वांत प्रचलित आकाराला ड्रेडनॉट म्हणतात. मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये प्रथम बनविलेला हा आकार रुंद व खोल पेटीचा असून त्याचा आवाज मोठा असतो. गाण्याला साथ करण्यास तो उत्तम आहे. तथापि लहान चणीच्या व्यक्तीला त्यावरून उजवा हात टाकणे अवघड जाते आणि खांदा भरून येतो. अशांनी कमरेत आवळलेल्या, थोड्या लहान पेटीची, कॉन्सर्ट किंवा तत्सम नावाने विकली जाणारी गिटार धरून पाहावी. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी पाऊण आकाराची, म्हणजे साधारण ३६ इंच लांबीची गिटार मिळते. ‘मूल मोठे होईल’ या हिशेबाने पूर्ण आकाराची घेतल्यास मूल मोठे होण्याआधी त्याची गोडी संपते.

पेटीला खाच असलेली, म्हणजे कटअवे गिटार दिसावयास आकर्षक असते. परंतु ती खाच वरच्या पडद्यांवर वाजविणाऱ्यांनाच उपयोगी पडते. नवशिक्याची पहिली दोन वर्षे बहुधा पहिल्या पाच पडद्यांतच जातात. तीच गोष्ट आपल्याकडे ‘सेमी-अकूस्टिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, ध्वनिक्षेपकाला जोडता येणाऱ्या गिटारची. मंचावर वाजवावयाचे नसल्यास त्या यंत्रणेचे पैसे वाद्याच्या दर्जात गुंतविलेले बरे.

दुकानात करावयाच्या सात चाचण्या

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव किंवा आर्वी येथील ग्राहकाला फार पर्याय पाहावयाचे असल्यास सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपूर सोयीचे पडते. एकाच नमुन्याच्या दोन-तीन गिटार शेजारी ठेवून पाहणे हा दुकानात जाण्याचा खरा फायदा होय. पुढील चाचण्यांसाठी वादक असण्याची गरज नाही.

पहिली चाचणी दांडीची. गिटार डोळ्यांसमोर बंदुकीसारखी धरून दांडीच्या दोन्ही कडांवरून नजर टाकावी. दांडी पिळलेली दिसत असेल, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल, तर ती गिटार बाजूला ठेवावी. हा दोष सहजासहजी निघत नाही. दांडी पुढच्या बाजूला किंचित वाकलेली असणे मात्र स्वाभाविक आहे. हा बाक दांडीच्या आतील ट्रस रॉड नावाच्या लोखंडी सळईने कमी-अधिक करता येतो. घेतलेल्या गिटारमध्ये फिरवता येणारी सळई आहे, याची खात्री करून घ्यावी. आपल्या हवामानात तिची गरज दरवर्षी पडू शकते.

दुसरी चाचणी तारांच्या उंचीची. नवशिक्याच्या दृष्टीने हीच सर्वांत निर्णायक होय. बाराव्या पडद्यावर तार पडद्यापासून किती उंच आहे, हे मोजावे. मोजपट्टी जवळ नसल्यास एटीएम कार्ड चालते. या कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर ठरलेली असते. अक्षरे उठावदार नसलेली तीन कार्डे एकावर एक ठेवून सर्वांत जाड तारेखाली सरकवावीत. ती तारेला जेमतेम स्पर्श करीत असतील तर उंची सुमारे २.३ मिलिमीटर, म्हणजे उत्तम आहे. चार कार्डे तारेला न लागता सहज जात असतील, तर उंची तीन मिलिमीटरहून अधिक आहे. सर्वांत बारीक तारेखाली दोन कार्डे पुरेशी होत. उंच तारांमुळे बोटे सोलवटतात आणि शिकणाऱ्याला आपल्यातच काही उणे आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात उणीव वाद्याच्या जुळणीत असते.

तिसरी चाचणी नटची. प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबून पहिल्या पडद्यावर पाहावे. तेथे तार आणि पडदा यांत केसभर फट असावी. फट मोठी असल्यास सुरुवातीचे सोपे स्वरसमूहही दाबणे कष्टाचे होते.

चौथी चाचणी पडद्यांची. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकेक करून वाजवावा. कोठे खरखर होते किंवा दोन शेजारच्या पडद्यांवर एकच स्वर निघतो काय, ते ऐकावे. नंतर दांडीच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवावे. पडद्यांची टोके टोचत असतील तर लाकूड आकसले आहे, असे समजावे. दुकानात ठेवलेल्या गिटारला उन्हाळ्याची झळ लागल्याची ही खूण असते.

पाचवी चाचणी सुरेलपणाची. मोबाइलवरील मोफत ट्यूनरने सहाही तारा लावून घ्याव्यात. जाड तारेकडून बारीककडे त्यांचे स्वर ई, ए, डी, जी, बी, ई असे असतात. त्यानंतर प्रत्येक तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. मोकळ्या तारेचाच स्वर एक सप्तक वर ऐकू यावयास हवा आणि ट्यूनरचा काटा मध्यावर राहावयास हवा. येथे काटा बराच ढळत असेल, तर ती गिटार कितीही लावली तरी वरच्या पडद्यांवर बेसूरच वाजेल.

सहावी चाचणी ब्रिजची. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकतो का, ते पाहावे. कागद आत जात असेल तर ब्रिज उचलला जात आहे. तबली ब्रिजच्या मागे किंचित फुगीर असणे क्षम्य आहे. ठळक पोट सुटलेले असल्यास ती घेऊ नये.

सातवी चाचणी खुंट्यांची. खुंटी सैल न लागता, अडखळत न चालता फिरावी. सर्व तारा लावल्यावर प्रत्येक तार बोटाने हलकेच ओढून पुन्हा सूर तपासावा. नव्या तारा थोड्या उतरतातच. पण दोन-तीनदा लावूनही एखादी तार टिकत नसेल, तर खुंटीत दोष असण्याचा संभव आहे.

ऋतू लक्षात घेऊनच उंची जोखावी

वर्ध्यात गिटार कोणत्या महिन्यात घेतली जाते, यालाही महत्त्व आहे. पावसाळ्यात तबली फुगते, वर उचलली जाते आणि तारांची उंची वाढते. उन्हाळ्यात तबली आकसून खाली बसते आणि उंची घटते. म्हणून ऑगस्टमध्ये थोडी उंच वाटणारी गिटार एप्रिलमध्ये आपोआप ठीक होऊ शकते. उलट मे महिन्यात अगदी खाली, मऊ वाटणारी गिटार पावसाळ्यात जड होते. ऐन पावसाळ्यात उंची कमी करण्यासाठी सॅडल, म्हणजे ब्रिजवरील पांढरी पट्टी, घासून घेतल्यास पुढच्या उन्हाळ्यात तारा पडद्यांना लागून खरखर करू लागतात; घासलेली पट्टी पुन्हा वाढत नाही. त्यामुळे अशी कायमची दुरुस्ती हवा समतोल असताना, दिवाळीच्या आसपास, करून घेणे इष्ट. खरेदीसाठीही ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ सर्वांत अनुकूल होय. तेव्हा दिसणारी उंची ही वर्षाच्या सरासरीच्या जवळची असते.

सर्व पैसे गिटारवरच घालू नयेत

दहा हजार रुपयांची मर्यादा असेल, तर दहा हजारांची गिटार घेणे ही सर्वसाधारण चूक ठरते. साडेसात ते आठ हजारांत गिटार बसवावी आणि उरलेल्या रकमेत चार गोष्टी कराव्यात. जाणकाराकडून तारांची उंची व दांडी जुळवून घेणे, जाड अस्तराची बॅग, तारांचा एक जादा संच आणि आर्द्रता दाखविणारे छोटे मापक. यातील पहिली गोष्ट सर्वांत मोलाची आहे. नीट जुळवलेली आठ हजारांची गिटार न जुळवलेल्या पंधरा हजारांच्या गिटारपेक्षा शिकणाऱ्याला अधिक सुखाची असते. तारांमध्ये नवशिक्याने सर्वांत बारीक तार ०.०१० किंवा ०.०११ इंच जाडीची असलेला संच घ्यावा. ०.०१२ इंचाच्या संचापेक्षा त्याचा ताण कमी असतो. त्याने बोटांना आणि पेटीलाही आराम मिळतो. कॅपो, पट्टा यांसारख्या वस्तू नंतर घेता येतात.

बाजारातील नावे

कोलकाता हे भारतातील गिटारनिर्मितीचे जुने केंद्र असून गिवसनसारख्या तेथील गिटारांवर अनेकांनी पहिले धडे गिरविले आहेत. कॅडेन्स, व्हॉल्ट, ज्युआरेझ ही नावेही देशी बाजारात परिचित आहेत. परदेशी कंपन्यांपैकी यामाहाची एफ ३१० आणि कोर्टची एडी ८१० या थरांच्या तबलीच्या गिटार नवशिक्यांत प्रचलित आहेत. अखंड स्प्रूस तबलीमध्ये यामाहाची एफजी ८०० आणि फेंडरची सीडी ६० एस ही नावे नेहमी घेतली जातात. परंतु त्यांची किंमत मध्यम मर्यादेच्या वर जाऊ शकते. नाव हे सरासरी दर्जाचे आश्वासन असते, हातातल्या विशिष्ट गिटारचे नव्हे. वरील सात चाचण्या प्रत्येक नावाला सारख्याच लागू आहेत.

जुनी गिटार आणि ऑनलाइन खरेदी

शिक्षण संपवून गावी परतणारे विद्यार्थी आपली गिटार विकून जातात. वर्ध्याचे दोन-तीन उन्हाळे काढूनही जिची दांडी सरळ आणि तबली निर्दोष आहे, अशी गिटार नव्यापेक्षाही भरवशाची म्हणता येईल. झीज पाहताना पहिल्या तीन पडद्यांवर तारांनी पाडलेल्या खाचा, ब्रिजखालची फट, नादछिद्राच्या आसपासचे तडे आणि आतील सुटलेल्या पट्ट्या यांकडे लक्ष द्यावे. मोबाइलचा दिवा नादछिद्रातून आत धरल्यास बरेच काही दिसते. पेटीवर ठिकठिकाणी हलके टिचकी मारल्यावर कोठे सैल, खडखडणारा आवाज आल्यास आतील जोड सुटल्याचा संशय घ्यावा.

ऑनलाइन खरेदीत भाव कमी असू शकतो. पण चाचण्या घरी आल्यावर कराव्या लागतात. खोके उघडतानाचे सलग चित्रण करून ठेवावे आणि परतीची मुदत संपण्यापूर्वी सातही चाचण्या पूर्ण कराव्यात. पक्के बिल सांभाळून ठेवावे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला असून, त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा किंवा बंगळूरूचा असला तरी वर्ध्याच्या ग्राहकाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. सदोष वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, अशी तरतूद ई-वाणिज्य नियमांत आहे. राष्ट्रीय ग्राहक मदत वाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

कूलरचा झोत टाळावा

वऱ्हाड-नागपूरकडे उन्हाळ्यात कूलर ही गरज असते. माणसाला सुखावणारी त्याची ओली हवा गिटारला मात्र मानवत नाही. दुपारी कूलर सुरू असताना खोलीतील आर्द्रता झपाट्याने वाढते आणि तो बंद होऊन खिडक्या उघडताच ती पुन्हा कोसळते. एका दिवसात लाकडाला पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही सोसावे लागतात. म्हणून गिटार कूलरसमोर भिंतीवर टांगून ठेवू नये. वाजवून झाल्यावर ती बॅगेत बंद करून आतल्या खोलीतील कपाटात, पश्चिमेची भिंत टाळून ठेवावी. बॅगेत हवेचे बदल मंदावतात.

गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. मार्च ते मध्य जूनपर्यंत मापकाचा आकडा ४० च्या खाली राहात असल्यास साबणाच्या डबीला भोके पाडून त्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा आणि ती डबी बॅगेत, दांडीच्या टोकाशी ठेवावी. पाणी लाकडावर ठिबकणार नाही, याची काळजी घ्यावी. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओला करावा लागतो. पावसाळ्यात ही डबी काढून तिच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. तारांना गंज चढू नये म्हणून वाजवून झाल्यावर प्रत्येक वेळी त्या कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात.

प्रवासात उष्णतेपासून विशेष जपावे. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत गिटार तासभरही ठेवू नये. तेथील उष्णतेने सरस मऊ होऊन ताणाखालचा ब्रिज सरकू शकतो. एसटीने किंवा रेल्वेने उन्हाळ्यात जावयाचे असल्यास सर्व तारा एक-दोन स्वर उतरवून घ्याव्यात आणि गिटार सामानाच्या ढिगाखाली न ठेवता जवळ ठेवावी.

खरेदीला निघण्यापूर्वी

थोडक्यात सांगावयाचे तर, प्रकार आणि आकार घरीच ठरवावा. एकूण रकमेतील पाचवा हिस्सा जुळणी व निगेसाठी राखून ठेवावा. रोज निगा राखणे जमणार नसेल तर थरांची तबली, जमणार असेल आणि परवडत असेल तर अखंड तबली घ्यावी. बरोबर एटीएमची चार साधी कार्डे, एक कागद आणि ट्यूनर असलेला मोबाइल न्यावा. शक्य असल्यास वाजविणारा मित्र किंवा शिक्षक सोबत घ्यावा आणि एकाच नमुन्याच्या किमान दोन गिटार काढावयास सांगाव्यात. ज्या गिटारवर तारा सहज दाबल्या जातात आणि बाराव्या पडद्यावर सूर ढळत नाही, ती निवडावी. पहिला उन्हाळा संपून पाऊस स्थिरावला, की ती एकदा जाणकाराला दाखवून दांडीचा बाक तपासून घ्यावा. पुढेही दरवर्षी याच सुमारास ही तपासणी करीत राहावे.